रानातून परत आलेल्या सॅका

दुरुस्तीला आलेली सॅक मी आधी उलटी करून झटकते. सुईला हात नंतर. आतून काय पडतं ते पाहिलं की शिलाई कुठं उसवली आणि का उसवली, ते निम्मं कळतं.

एका सॅकेतून तीन चाकू पडले होते. तिन्ही कोरे, एकाचं तर वेष्टनही काढलेलं नव्हतं. पाण्याची बाटली मात्र नव्हती. दुसऱ्या एकीतून होकायंत्र निघालं. मालकाची तक्रार होती की ते बिघडलंय, सुई भलतीकडेच दाखवते. मी ते टेबलावर ठेवलं, त्यांनी शेजारी मोबाइल ठेवला आणि सुई गर्रकन मोबाइलकडे वळली. मोबाइलच्या पाकिटाला झाकण बंद राहावं म्हणून लोहचुंबक लावलेलं होतं! ते गृहस्थ दोन दिवस रानात आपल्याच खिशातल्या मोबाइलच्या दिशेनं चालत राहिले होते.

एका कॉलेजातल्या मुलानं तंबू आणला, त्याला परातीएवढं भोक पडलेलं. आत स्टोव्ह पेटवला होता. मी विचारलं, "अरे, असं कसं केलंस?" तर म्हणतो, "मावशी, गावाकडं झोपडीत चूल पेटवतातच ना!" तंबूचं कापड कुडाच्या भिंतीसारखं काळं पडत नाही, ते मेणासारखं वितळतं, हे त्याला माहीत नव्हतं. नशीब, बाहेर तरी पळाला.

सुरतेत लिंबायतमध्ये माझं शिवणकामाचं छोटं दुकान. आता सून चालवते, मी जाऊन बसते आणि सल्ले देते, ते तिला आवडत नाहीत. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आमचे हे कडोदऱ्याला लूमवर कामाला होते. मी आधी साडीला फॉल लावायचे, मग शाळेची दप्तरं शिवू लागले. या सॅकांच्या धंद्यात मला आणलं ते वैद्य सरांनी.

वैद्य सर मराठी शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीत माणसं गोळा करून डांगच्या रानात पायी हिंडवायचे. त्यांची फाटकी सॅक घेऊन ते माझ्याकडे आले, कारण दप्तरवाली बाई एवढी मी एकटीच त्यांना माहीत होती. मी ती शिवून दिली. महिन्याभरात परत आली, त्याच जागी उसवलेली. सर रागावले नाहीत. समोर बसले आणि म्हणाले, "निर्मलाताई, माणूस चालतो तेव्हा ओझं कुठं ओढलं जातं, ते आपण दोघं मिळून बघू."

तेव्हापासून शिकत गेले. सॅकचा जीव तिच्या पट्ट्यात असतो. पट्टा जिथं पाठीला मिळतो तिथं नुसती सरळ शिलाई टिकत नाही. चौकट मारायची, चौकटीत फुली मारायची आणि कडेला पुन्हा आडवे दाट टाके. सुती दोरा घामानं कुजतो, म्हणून नायलॉनचा घ्यायचा. खरं वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसायला हवं, म्हणून कमरेचा पट्टा रुंद. आणि सरांचा एक हट्ट, उजव्या खांद्याच्या पट्ट्याला शिट्टी शिवलेली हवी. "हरवलेला माणूस ओरडतो," सर म्हणायचे, "आणि पंधरा मिनिटांत त्याचा घसा बसतो. शिट्टीला घसा लागत नाही."

हळूहळू गिऱ्हाईक वाढलं. साड्यांच्या मार्केटमधले लोक, बँकेतले, डॉक्टर, मास्तर. आणि येणारा प्रत्येक जण दुकानात बसल्या बसल्या रान जिंकायचा. नदी कशी ओलांडायची, साप चावला तर काय करायचं, दोन दगडांतून विस्तव कसा काढायचा, सगळं त्यांना पाठ. मी मान डोलवत माप घ्यायचे. मनात हसायचेही. आता हे लिहायला बसले म्हणून खरं सांगते, त्या हसण्यात गर्व होता. मला वाटायचं, हे शहरातले लोक बोलताहेत, पण मी खेड्यातली आहे. विहिरीचं पाणी ओढलंय, डोक्यावर चारा आणलाय, विंचू चपलेनं मारलेत. मला कुणी रानात सोडलं तर मी काही मरणार नाही.

हितेशभाईंची गोष्ट इथंच सुरू होते.

सुरतेतच पर्वत पाटिया भागात त्यांचं भरतकामाच्या मशीनचं दुकान होतं. पंचेचाळिशीचे, गोरेपान, बोलायला गोड. हिंदी आणि गुजराती मिसळून बोलायचे, मी इथं मराठीत लिहिते. मोबाइलवर रानात एकटं राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा त्यांना नाद होता. त्यांनी माझ्याकडून आठ खिशांची सॅक शिवून घेतली. कोणत्या खिशात काय जाणार, त्याचा कागदावर नकाशाच काढून आणला होता.

सॅक घ्यायला आले तेव्हा पट्ट्यावरची शिट्टी पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं.

"निर्मळाबेन, हे काय? बालमंदिरातल्या पोरांच्या वॉटरबॅगसारखं दिसतं. काढून टाका."

"सरांनी सांगितलंय, हितेशभाई."

"सरांना मी सांगेन. मला एकट्याला तीन दिवस रानात सोडा, चालत घरी येईन. शिट्टी कशाला?"

गिऱ्हाईक देव असतो असं म्हणून मी कात्री उचलली आणि दोन टाके कापून शिट्टी काढून दिली. आजवर हजारो टाके उसवले असतील. तेवढे दोन लक्षात राहिलेत.

त्याच वर्षी होळीनंतर सर दुकानात आले आणि म्हणाले, "एकदा तरी चला. तुमच्या सॅका रानात कशा वागतात ते स्वतः बघा." माझं वय तेव्हा पन्नाशीपुढचं. घरात सगळे नको म्हणाले, म्हणून मी नक्की केलं.

आम्ही वीसेक जण होतो. बस पहाटे निघाली आणि डांगमधल्या एका पाड्यावर आम्हाला सोडून पुढच्या गावी जाऊन थांबली. टेकडी चढून, पलीकडे उतरून त्या गावी जेवायला पोचायचं, एवढाच बेत. सर पुढे चालत होते. साग पूर्ण झडलेला. पायाखाली पानांचा असा चुरा की दहा माणसं चालली तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. सावली नावाला नाही.

टेकडीच्या माथ्यावर सगळे फोटो काढत असताना हितेशभाई माझ्याजवळ आले. मोबाइलमधला नकाशा दाखवत म्हणाले, "बघा, वाट केवढा वळसा घालते. हा नाला सरळ गावात उतरतो. आपण दोघं यातून जाऊ, सगळ्यांच्या आधी पोचू. बाकीचे येतील तेव्हा आपण पाणी पीत बसलेले असू."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझे गुडघे दुखत होते, वाट लांब दिसत होती, आणि नाल्यानं खाली जायला काय अक्कल लागते, असंही वाटलं. पाणी खालीच जातं, गावही खालीच असतं. हितेशभाईंनी फोटो काढणाऱ्या एकाला सांगितलं, "आम्ही पुढे होतो." तो समजला, सरांच्या बरोबर पुढे. त्यानं मान हलवली आणि आम्ही नाल्यात उतरलो.

तास-दीड तास मजेत गेला. हितेशभाई मला पानं ओळखून दाखवत होते. त्यातली निम्मी चुकीची होती, हे मला कळत होतं आणि बरंही वाटत होतं. मग नाला अरुंद झाला, दोन्हीकडून कडे वर आले आणि पुढे एकदम दीड-दोन पुरुष उंचीचा कोरडा धबधबा लागला. पावसाळ्यात पाणी पडतं, तो कातळ. मोबाइलवर तिथं नुसती निळी रेघ होती. रेघेत कातळ दिसत नाही.

"दोरी आहे माझ्याकडे," म्हणत हितेशभाईंनी पाचव्या खिशातून दोरी काढली. एका झुडपाला गाठ मारली, धरून खाली लोंबले आणि गाठ सुटली. नवी नायलॉनची दोरी, गुळगुळीत. ते खाली आपटले. पाय भलत्याच बाजूला वळला, ते वरूनही दिसलं.

मी झाडोऱ्यातून वळसा घालून, ओरखडत, बसत-घसरत त्यांच्यापर्यंत पोचले. घोटा सुजायला लागला होता. बाटल्या पाहिल्या, दोघांच्या मिळून चार घोट उरले होते. मोबाइलला रेंज नव्हती. ऊन बरोबर डोक्यावर आलं होतं आणि त्या कातळाच्या खोबणीत वारा म्हणून नव्हता.

"घाबरू नका," मी म्हटलं, "पाणी मी काढते."

आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत हातभर खड्डा करतात. त्याला झिरा म्हणतात. थोडा वेळ थांबलं की पाणी पाझरतं, वाटीनं भरून घ्यायचं. लहानपणी मी शेकडो झिरे खणले असतील. मी गुडघ्यावर बसून खणू लागले. बोटभर वाळू निघाली आणि खाली कातळ. दुसरीकडे खणलं, कातळ. तिसरीकडे नखं तुटली. आमची नदी वाळूची होती. हा नाला दगडाचा. एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता. खेडं वेगळं आणि रान वेगळं, हे मला तिथं गुडघ्यावर बसून, रक्ताळलेल्या बोटांनी कळलं. आणि माझं खेडं तरी कुठलं? पस्तीस वर्षं मी लिंबायतच्या गल्लीत राहत होते.

तासाभरानं हितेशभाईंचं बोलणं विचित्र व्हायला लागलं. आधी ते घामानं निथळत होते, आता अंग कोरडं आणि तापलेलं. मला म्हणाले, "निर्मळाबेन, दुकानाचं शटर अर्धंच ठेवा, माल यायचाय." मी म्हटलं, "हो, ठेवलंय." मग म्हणाले, "पंखा लावा." मी ओढणीनं वारा घालत राहिले. उरलेले घोट त्यांच्या ओठांना लावले. माझीही जीभ टाळूला चिकटत होती.

मग मी ओरडायला लागले. सरांच्या नावानं, देवाच्या नावानं, कुणाच्याही नावानं. सरांनी पंधरा मिनिटं म्हटलं होतं, माझा घसा त्याच्याही आधी बसला. मी स्वतः घरची कापडी पिशवी घेऊन आले होते, तिला शिट्टी कुठली. हितेशभाईंच्या सॅकच्या उजव्या पट्ट्यावर दोन टाक्यांची भोकं दिसत होती. मी ती बघितली आणि मला रडू आलं. रडायलाही पाणी लागतं. ते आलं नाही.

रागानं मी माझा स्टीलचा डबा उचलला आणि दगडानं बडवायला लागले. काही ठरवून केलं नव्हतं. लहानपणी ज्वारीवरची पाखरं उडवायला आम्ही पत्र्याचे डबे बडवायचो, हात आपोआप तसेच चालले. डबा चेपला तरी थांबले नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

वरच्या बाजूनं पानांचा आवाज आला. कड्याच्या काठावर एक बाई उभी होती. डोक्यावर टोपली, कमरेला कोयता, पस्तिशी-चाळिशीची. तोंडातून माझी घरची भाषाच बाहेर पडली, "पानी शे का वं बहीन?"

"आहा," ती म्हणाली. आहे. तिची बोली आमच्या अहिराणीच्या नात्यातलीच निघाली.

तिचं नाव शेवंती. ती भराभर उतरून आली. जिथून मला अर्धा तास लागला होता, तिथून ती टोपलीसकट उतरली. हितेशभाईंच्या कपाळाला हात लावला, आमच्या दोन्ही बाटल्या उचलल्या आणि खाली न जाता पुन्हा वर गेली. मी म्हणणार होते, "अगं, पाणी खाली असेल." बरं झालं, घशातून आवाज निघाला नाही. दहा मिनिटांत ती भरलेल्या बाटल्या घेऊन आली. आम्ही बसलो होतो तिथून वर, कड्याच्या पोटात, एका खडकाखाली बारीक झरा होता. मी त्याच्याखाली बसून पाणी खणत होते.

मी बाटली हितेशभाईंच्या तोंडाला लावणार, तर तिनं हात धरला. झाकणानं एकेक घोट पाजला. डोक्यावरचं फडकं भिजवून त्यांच्या छातीवर, मानेवर ठेवलं. आम्ही दोघींनी त्यांना ओढून कड्याच्या सावलीत घेतलं. मग मला प्यायला दिलं. आयुष्यात मी पुष्कळ चांगलंचुंगलं प्यायलंय. त्या बाटलीतल्या प्लॅस्टिकच्या वासाच्या पाण्यासारखं काही नाही.

"माणसं आणते. इथून हलू नका," ती म्हणाली. जाता जाता तिनं आपली मोहाच्या फुलांची भरलेली टोपली आमच्याजवळ ठेवली. हलकं होऊन पळता यावं म्हणून. मी मात्र ती टोपली धरून बसले. जिची टोपली इथं आहे ती परत येणारच, असं मनाला सांगत राहिले.

ती आली. बरोबर नवरा, दीर आणि वैद्य सर. गावात जेवायला बसताना सरांनी माणसं मोजली आणि दोन कमी भरली, तेव्हापासून ते पाड्यापाड्यात विचारत फिरत होते. बांबूला घोंगडं बांधून झोळी केली. त्या दोघा भावांनी हितेशभाईंना अनवाणी पायांनी वर चढवून गावात नेलं. सरकारी दवाखान्यात सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन तास गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो."

मी सरांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, "माथ्यावर मोजायला हवं होतं. मी जेवताना मोजलं. चूक माझी." मी खूप म्हटलं, पण त्यांनी ती चूक आम्हाला परत दिली नाही.

निघताना शेवंतीला विचारलं, "तुला तर सगळं रान पाठ असेल?" ती हसली. "या डोंगराचं माहीत आहे. त्या पलीकडच्या दरीत मी एकटी नाही जात. तिथल्या बायांना विचारून जाते." एवढी वर्षं माझ्या दुकानात बसून सगळी रानं जिंकणारी माणसं मला आठवली. त्यात मीही होते.

परतीच्या बसमध्ये मला सुरतेतले माझे पहिले दिवस आठवत राहिले. अठरा वर्षांची मी, भाषा येत नाही, नळ कोणत्या वेळेला येतो माहीत नाही. शेजारच्या कमलअक्कांनी हाताला धरून नळ दाखवला, रॉकेलची रांग दाखवली, कोणत्या रिक्षात बसायचं नाही ते सांगितलं. पुढे मी सगळ्यांना ऐटीत सांगत आले की मी सुरतेत एकटीनं निभावलं. कमलअक्का माझ्या गोष्टीतून कधी गळून गेल्या, मला कळलंच नाही. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांना काही समजेना मी का रडतेय ते.

रानात आपल्याला काय जमेल याचा सामान्य माणसांचा हिशेब चुकतो का, असं सुनेनं मला परवा विचारलं. चुकतो. पूर्वी मी अशांना मनात हसायचे, आता हसत नाही. आता शिट्टी काढायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सॅकच देत नाही. दोन-चार जण रागावून गेले. हितेशभाई पूर्ण बरे झाले. अजून रानात जातात, पण सगळ्यांत मागे चालतात आणि दर अर्ध्या तासाला मोठ्यानं माणसं मोजतात. लोक वैतागतात.

पुढच्या मोहाच्या दिवसांत मी शेवंतीसाठी पिशवी शिवून नेली. कमरेला बांधायची, म्हणजे दोन्ही हात वेचायला मोकळे. पाणी न शिरणारं सगळ्यात महागाचं कापड, चार खिसे, चेन, परदेशी पद्धतीचं बक्कल. माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम. तिनं ती कमरेला लावली, दोन झाडांखालची फुलं वेचली आणि परत आली.

"यात फुलं घामेजतात," ती म्हणाली. "आंबतील." चेन तिला एका हातानं उघडेना. खिशांत काटक्या आणि मुंगळे शिरले होते. बक्कल वाकताना पोटात रुतत होतं.

मी तिच्या ओट्यावर बसले, सुई-दोरा काढला. खिसे उसवले, चेन काढली, बक्कल काढून साधा बंद लावला. तळाचं कापड कापून तिच्या घरातल्या जुन्या सुती लुगड्याचं कापड लावलं. दुपार झाली. ती मधून मधून येऊन बघायची आणि बोट ठेवून सांगायची, इथं सैल, इथं खोल. गिऱ्हाइकानं असं शिकवलेलं मला आयुष्यात आवडलं नव्हतं. त्या दिवशी आवडलं.

शेवटी तिनं पिशवी बांधली, वाकून पाहिलं, बसून पाहिलं, मूठभर फुलं टाकून पाहिली. मग आत हाक मारली आणि तिची जाऊ हात पुसत बाहेर आली.

"हिलाही एक," शेवंती म्हणाली.

मी गळ्यातली टेप काढली. ही जाऊ शेवंतीपेक्षा वीतभर बुटकी होती, बंद आखूड लागणार होता.